नऊ नंबरच्या खाटेची गाठ

१७ मे १९७४, शुक्रवार. दुपारचे दोन वाजले होते आणि मी रबरी हातमोजे फुगवून बघत बसले होते.

हॉस्पिटलशी ज्यांचा संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. ऑपरेशनचे हातमोजे आम्ही एकदा वापरून फेकत नाही. ते धुवायचे, एकेक फुगवून पाण्यात बुडवायचा, बुडबुडा आला की भोक आहे असं समजायचं. त्या भोकावर सायकलच्या पंक्चरसारखा रबराचा तुकडा चिकटवायचा. मग वाळवायचे, आतून-बाहेरून पावडर लावायची, जोड्या लावायच्या आणि ड्रममध्ये भरून निर्जंतुक करायला पाठवायचे. हे काम करणारीचे हात कोपरापर्यंत पांढरे होतात. हे पांढरे हात लक्षात ठेवा, पुढं लागतील.

तुमच्या अंकातल्या भुताखेतांच्या सदरातले अनुभव मी वाचते. बहुतेकांत रात्र असते, पिंपळ असतो आणि पांढऱ्या कपड्यातली बाई असते. आता पांढऱ्या कपड्यातली बाई तर मी स्वतःच आहे, चोवीस वर्षांपासून, त्यामुळे तिचं मला काही वाटत नाही. किती मृतदेह पुसून, हनुवटी बांधून, चादरीत गुंडाळून पाठवले त्याचा हिशेब नाही. एकही उठून बसला नाही. अमावास्येला माझी ड्यूटी बदलून द्या म्हणणाऱ्या मुलींना मी कधी बदलून दिली नाही. तेव्हा खाली लिहिलेलं मी हौसेनं लिहीत नाहीये. दहा वर्षं झाली, उत्तर सापडलं नाही, म्हणून लिहितेय. आणि दुसरं म्हणजे हे सगळं भर दुपारी घडलं — नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी, जेव्हा भूतसुद्धा सावली सोडून बाहेर पडणार नाही.

हॉस्पिटल नागपुरातलं, मोठं. नाव सांगत नाही. आमचा बायकांचा सर्जिकल वॉर्ड म्हणजे एक लांब हॉल. दोन रांगा, बारा-बारा खाटा. दार एकच, आणि दाराशी माझं टेबल. खिडक्यांना गज आणि बाहेरून वाळ्याच्या ताट्या. आमची आया सखूबाई व्हरांड्यातून त्यांच्यावर पाणी मारायची. नऊ नंबरची खाट डाव्या रांगेत. तिथं जायचं तर माझ्या टेबलावरूनच जावं लागायचं. दुसरा रस्ता नव्हता.

वॉर्ड माझ्याकडे येऊन पाच महिने झाले होते. माझ्या आधी तिथं सोनटक्के सिस्टर होत्या. उंच, डावखुऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांची एक पद्धत होती. दुपारी जेवायला जायच्या आधी त्या वॉर्डात एक चक्कर मारायच्या आणि प्रत्येक पेशंटच्या पायाचा अंगठा क्षणभर धरायच्या. कधीकधी एखाद्या खाटेच्या पायथ्याच्या दांड्याला गॉजची वीतभर पट्टी बांधायच्या. पट्टीच्या दोन्ही कडा आत दुमडलेल्या, दांड्याला दोन वेढे, आणि टोक वेढ्याखालून उजवीकडून डावीकडे खुपसलेलं. डावखुऱ्या माणसाची गाठ. आम्ही बाकीच्यांनी ती किती वेळा करून बघितली, कुणालाच जमली नाही.

पट्टीचा अर्थ एवढाच — या बाईकडे लक्ष ठेवा, दर पंधरा मिनिटांनी नाडी बघा. हे कागदावर का लिहायचं नाही, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, डॉक्टरनं ‘प्रकृती ठीक’ लिहिलं असेल आणि त्याखाली आपण ‘मला ठीक वाटत नाही’ लिहिलं, तर डॉक्टरला राग येतो. राग आलेला डॉक्टर पेशंटकडे बघत नाही, आपल्याकडे बघतो. गॉजचा कुणाला राग येत नाही.

डिसेंबरात त्या निवृत्त झाल्या आणि गाठीचं हसं झालं. त्याला कारण आमची कुसुम.

कुसुम मेश्राम ही माझ्या हाताखालची स्टाफ नर्स. कामाला वाघीण, पण डोकं सदैव उचापतींत. नव्या शिकाऊ डॉक्टराला तिनं एकदा रिकाम्या खाटेवर चादर ओढून पडून, काखेत गरम पाण्याची पिशवी धरून स्वतःचा ताप मोजायला लावला होता. थर्मामीटरचा पारा वर टेकलेला बघून तो बिचारा धावतच सुटला. फुगवलेल्या हातमोज्यांवर ती शाईनं तोंडं काढायची, आणि प्रत्येक तोंड कुणाचं आहे ते न सांगता कळायचं. सोनटक्के सिस्टर गेल्यावर तिनं नवीन खेळ काढला. गॉजच्या पट्ट्या बांधायचा. डॉक्टरांच्या खुर्चीला, चहाच्या किटलीला... आणि मार्चमध्ये मेट्रनबाईंच्या छत्रीला. मेट्रनबाई ती छत्री उघडून, पट्टी फडफडवत, बाह्यरुग्ण विभागापर्यंत चालत गेल्या. दुसऱ्या दिवशी मेमो मला आला, तिला नाही. पुन्हा असं काही झालं तर वॉर्ड काढून घेऊ, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

मी भिंतीवर नोटीस लावली. ‘खाटेस, खुर्चीस अथवा अन्य वस्तूस गॉज बांधणाऱ्याकडून लेखी खुलासा घेतला जाईल.’ दोन महिने कुणी पट्टी बांधली नाही. गॉज मी कपाटात कुलपात ठेवत होते, किल्ली आणि कात्री माझ्या कमरेला.

आता त्या दुपारकडे येते.

नऊ नंबरवर कांताबाई होती. काटोलकडची, तिशीची, दोन मुलांची आई, मुलं बंद करायचं ऑपरेशन झालेली. घरचा संत्र्याचा बगीचा. बुधवारी पोटात कळ आली म्हणून आणली. अपेंडिक्स असेल म्हणून आमच्याकडे ठेवली. गुरुवारी कळ थांबली. शुक्रवारी सकाळी डॉक्टर देवगडेंनी बघून सांगितलं की अपेंडिक्स नाही, उन्हाचा आणि गॅसचा त्रास आहे, घरी जाऊ द्या. डिस्चार्जचा कागद सही होऊन माझ्या टेबलावर आला होता. तिचा नवरा सायकलरिक्षा आणायला गेला होता. सासू खाटेशेजारी जमिनीवर बसून पिशवी भरत होती. साडेतीनची काटोलची एस.टी. गाठायची होती.

दोन वाजता मी चोवीस खाटांची चक्कर मारली. नऊ नंबरच्या दांड्यावर काही नव्हतं. हे मी शपथेवर सांगू शकते, कारण मेमोनंतर मी दांडेच आधी बघायची. कांताबाई डोळे मिटून पडली होती. सकाळची नाडी चौऱ्याऐंशी लिहिलेली. मी पुढं गेले.

मग मी, कुसुम आणि दुसरी स्टाफ नर्स फिलोमिना अशा तिघी टेबलाशी हातमोजे घेऊन बसलो. फिलोमिना अबोल मुलगी, कुसुमच्या बडबडीवर फक्त मान हलवायची. मी फुगवत होते, त्या दोघी पावडर लावून जोड्या करत होत्या. तिघींचे हात पिठात घातल्यासारखे. कुसुमनं एक अंगठा फाटलेला मोजा उचलून विचारलं, हा मेट्रनबाईंच्या मापाचा आहे का. मी तिला गप्प बसायला सांगितलं. बाहेर सखूबाई ताट्यांवर पाणी मारत होती. बादलीचा आवाज येत होता. आमच्यापैकी कुणी उठलं नाही. आमच्या टेबलावरून कुणी गेलं नाही.

सव्वादोनला मी मान वर केली आणि नऊ नंबरच्या दांड्यावर पांढरी पट्टी दिसली.

माझं डोकं फिरलं. पेशंट अर्ध्या तासात जाणार, मेट्रनबाई तीन वाजता राउंडला येणार, आणि हे. मी कुसुमकडे बघितलं. तिनं माझ्या नजरेच्या दिशेनं बघितलं आणि पांढरे हात वर केले.

“सिस्टर, आईशप्पथ, मी तुमच्यासमोर बसून आहे. मी कव्हा बांधू?”

मी उठले. पट्टी काढायची आणि संध्याकाळी एकेकीला विचारायचं, एवढंच डोक्यात होतं. नऊ नंबरशी जाऊन दांड्याला हात घातला. लोखंड चटका बसेल इतकं तापलेलं. बाहेर पंचेचाळीस असेल. गाठीचं टोक शोधताना माझी बोटं कांताबाईच्या पावलाला लागली.

पाऊल गार होतं.

नागपूरच्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता कुठलीच गोष्ट गार नसते. नळाचं पाणी पोळतं, उशी पोळते. आणि हे पाऊल माठाच्या बुडासारखं गार आणि ओलसर होतं. गाठ तशीच सोडून मी मनगट धरलं. नाडी लागेना, मग लागली... सुतासारखी बारीक, एकशे अठ्ठावीस. ओठ पांढरे. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली — कागदासारखी पांढरी.

तिनं डोळे किलकिले केले आणि म्हणाली, “सिस्टरबाई, मघापासून आंगठा धरून राहिल्या होत्या ना... सोडला काहून?”

मी आत्ता आले होते. अंगठा मी धरला नव्हता. पण तेव्हा त्याचा विचार करायला वेळ नव्हता. मी विचारलं, दुखतं कुठं. पोट नाही म्हणाली. खांदा दुखते म्हणाली, डावा, पडलं की जास्त. पोट दाबलं तर फळीसारखं.

पोटात रक्त साचलं की कधीकधी खांदा दुखतो. मी तिच्या कानाशी वाकून हळूच विचारलं, पाळी कधी आली होती. तिनं सासूकडे बघितलं, मग म्हणाली, दोन महिने झाले. पण माझं तर ऑपरेशन झालं आहे ना, म्हणून कोणाले सांगितलं नाही. डॉक्टरांनीही त्याच कारणानं विचारलं नव्हतं. ऑपरेशन झालेल्या बाईलाही हजारात एखादीला गर्भ राहतो, आणि तो नळीतच अडकून नळी फुटते, हे मी प्रसूती वॉर्डात असताना एकदा पाहिलं होतं. ती वाचली नव्हती.

सासू उठून उभी राहिली. “आमची गाडी निघून जाईन ना, सिस्टरबाई. तिले काई नाई झालं, डॉक्टरनं सांगतलं.”

मी डिस्चार्जचा कागद उचलून खिशात घातला आणि कांताबाई कुठंही जाणार नाही असं सांगितलं. फिलोमिनाला खाटेचा पायथा विटांवर चढवायला आणि सलाईन लावायला लावलं. कुसुमला डॉक्टर देवगडेंना आणायला पाठवलं.

ती दोन मिनिटांत एकटीच परत आली. डॉक्टर ड्यूटीरूममध्ये कूलरसमोर झोपले होते. म्हणाले, डिस्चार्ज दिलेल्या पेशंटला बघायला मी येत नाही, घाबरलेल्या सिस्टरला पाणी पाजा.

“पाणी मी पिते, तू त्यांना आण,” मी म्हटलं. “कसंही आण.”

हे वाक्य कुसुमला पाच महिने हवं होतं. ती गेली. नंतर मला कळलं ते असं — तिनं आधी कूलरचं बटण बंद केलं. मग डॉक्टरांच्या डोक्याखालची उशी काढून घेतली. मग दारात उभं राहून शांतपणे सांगितलं की सुपरिंटेंडंटसाहेब आणि मेट्रनबाई दोघं राउंडला आले आहेत, नऊ नंबरशी उभे आहेत आणि केसपेपर कोणी लिहिला ते विचारून राहिले आहेत. सुपरिंटेंडंटसाहेब त्या दिवशी वर्ध्याला होते. पण डॉक्टर देवगडे उलटी बटणं लावलेल्या शर्टात, एका पायात मोजा नसताना, पळत वॉर्डात आले.

साहेब कुठं आहेत म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाहीत. त्यांनी माझ्याकडे, कुसुमकडे, मग दांड्यावरच्या पट्टीकडे बघितलं. तशी पट्टी त्यांच्या खुर्चीवरही दोनदा येऊन गेली होती.

“सिस्टर, तुम्ही आता गॉजच्या गाठीवर डायग्नोसिस करता का?”

“नाही,” मी म्हटलं. “पायावर करते. हात लावून बघा.”

त्यांनी पावलाला हात लावला. मग हात तिथंच राहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. हे त्यांच्या बाजूनं मला सांगितलंच पाहिजे — त्यानंतर त्यांनी एक सेकंद वाया घालवला नाही. पाळी चुकल्याचं मी सांगितलं. त्यांनी सिरिंज मागितली, पोटात सुई घातली, दट्ट्या ओढला. काळपट रक्त आलं. ते गोठेना. पोटात साचलेलंच रक्त होतं ते.

त्यानंतरचा पाऊण तास मला तुकड्या-तुकड्यांत आठवतो. मोठे सर्जन घरून निघाल्याचा निरोप. ट्रॉली ढकलणारी फिलोमिना, जिचा आवाज मी तीन वर्षांत पहिल्यांदा ऐकला — ‘बाजूला व्हा’ म्हणून ती सगळ्या व्हरांड्यावर ओरडत होती. तेवढ्यात रिक्षा घेऊन नवरा आला. त्याला रक्त द्यायचं म्हटल्यावर घेरी आली, आणि त्याचा गट जुळतही नव्हता. रक्तपेढीत त्या गटाची एकच बाटली होती. कुसुमचा गट जुळला.

बाही वर करून ती आडवी झाली तेव्हा सासू दाराशी पदर तोंडात धरून उभी होती. कुसुमला गप्प राहवेना.

“आजी, आत्ताच सांगून ठेवते. हे आमच्या घरचं रक्त आहे. उद्यापासून तुमची सून माझ्यासारखी वटवट करन.”

“करू दे वं माय,” म्हातारी म्हणाली. “जलमभर वटवट करू दे.”

कुसुमनं तोंड भिंतीकडे वळवलं.

पावणेसहाला सर्जन बाहेर आले. नळी फुटली होती, पोट रक्तानं भरलं होतं, पण वेळेत उघडलं. बाई वाचली. मी सहज विचारलं, एस.टी.त बसली असती तर? ते म्हणाले, वाटेतल्या कळमेश्वरच्या पुढं पोचली नसती. डॉक्टर देवगडे मागून आले, केसपेपर मागितला आणि माझ्यासमोर उभ्यानं लिहिलं — ‘डिस्चार्ज रद्द. वॉर्डातील सिस्टरांच्या निरीक्षणामुळे वेळेत निदान.’ खाली सही केली. आमच्या वॉर्डात डॉक्टरनं असं लिहिलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. तीनचा राउंड संध्याकाळी घ्यायला आलेल्या मेट्रनबाईंनी ते दोनदा वाचलं, दांड्यावरची पट्टी बघितली आणि पुढं गेल्या. तिघी नर्सा, एक आया, कुणाला न मानणारा एक डॉक्टर — त्या दिवशी आम्ही जिंकलो होतो. सखूबाईनं उरलेलं ताटीचं पाणी स्वतःच्याच डोक्यावर ओतून घेतलं आणि आम्ही सगळ्या हसलो.

मग घरी जायच्या आधी मी नऊ नंबरच्या रिकाम्या खाटेशी स्टूल घेऊन बसले आणि गाठ बघितली.

कडा आत दुमडलेल्या. दोन वेढे. टोक उजवीकडून डावीकडे. कुसुमची गाठ साधी, वेणीच्या रिबिनीसारखी असायची. आणि मुख्य म्हणजे पट्टीवर पावडरीचा कण नव्हता. आमच्या तिघींपैकी कुणीही तिला नुसता हात लावला असता तरी ती माखली असती. मी टोक शोधलं तिथं माझ्या दोन बोटांचे पांढरे ठसे होतेच, तेवढेच होते. सखूबाईचे हात ओले होते. ओला गॉज त्या उन्हात दोन मिनिटांत वाळतो, हे मी कबूल करते. पण सखूबाई व्हरांड्यात होती, मध्ये गज होते, आणि कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती. मी कपाट उघडून बघितलं. गॉजचा गुंडाळा सकाळी ठेवला तसाच होता. सासूला विचारलं. ती म्हणाली, मी पिशवी भरून राहिली होती, मी कोणाले पाह्यलं नाही.

कुसुम तोपर्यंत साखरेचं पाणी पिऊन उठली होती. ती जवळ आली, वाकून गाठ बघितली आणि म्हणाली, “ही सोनटक्के सिस्टरची आहे.” तिच्या आवाजात उचापत नव्हती.

सोनटक्के सिस्टर जिवंत आहेत, हे मी वाचकांना लगेच सांगते, नाहीतर तुम्ही भलताच तर्क कराल. त्या तेव्हा हुडकेश्वरला मुलाकडे राहत होत्या, आणि हे लिहिते तेव्हाही राहतात. मी सरळ विचार केला. दुपारी त्या हॉस्पिटलात आल्या असतील, आमचं लक्ष नसताना वॉर्डात शिरल्या असतील, बांधून गेल्या असतील. कशा शिरल्या ते त्यांनाच विचारावं. गाठ न सोडता मी पट्टी उभ्या दांड्याच्या वरच्या टोकावरून सरकवून काढली आणि पर्समध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला सायकल काढली. हुडकेश्वर तेव्हा शहराबाहेरचं गाव होतं. ऊन चढायच्या आत जाऊन यायचं होतं. सोनटक्के सिस्टर अंगणात बाजेवर बसल्या होत्या. डावा हात तळव्यापासून कोपराच्या वरपर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

वीस दिवसांपूर्वी मोरीत पाय घसरला, त्या म्हणाल्या.

मी काही बोलायच्या आत माझ्या हातानं त्यांची बोटं धरली. सवय, प्लास्टर दिसलं की नर्स आधी बोटं बघते. बोटं गरम, नखं गुलाबी, प्लास्टर सैल. सून चहा घेऊन आली. तिनं ते पाहिलं आणि मला म्हणाली, बरं झालं बघितलं, काल दुपारी दोनच्या सुमाराला यांची बोटं बर्फासारखी गार पडली होती, झोपेतून उठवून डॉक्टरकडे न्यावं म्हणत होते, तर पंधरा मिनिटांत आपोआप गरम झाली.

प्लास्टर घट्ट असलं तर बोटं गार पडतात. पण मग ती आपोआप गरम होत नाहीत. मी चहा घेतला.

मी पर्समधून गाठ काढून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि आदल्या दिवशीचं सगळं सांगितलं. त्यांनी उजव्या हातानं ती फिरवून बघितली. काल त्या घराबाहेर पडल्या होत्या का, असं मी विचारलं. सुनेनंच उत्तर दिलं — जेवण झाल्यावर चारपर्यंत झोपल्या होत्या, मी इथंच गहू निवडत होते.

“गाठ माझी आहे,” सोनटक्के सिस्टर म्हणाल्या. “पण बांधली कोणं, ते मले विचारू नको. मले नाई मालूम.”

“मग काय समजू मी?”

“बाई वाचली ना? मग झालं. तू नोटीस लावली म्हणते भिंतीवर. ते कायले लावली वं? गाठ चुकीची होती, का बांधणारी चुकीची होती?”

दहा वर्षांत मी या गोष्टीचा सगळ्या बाजूंनी विचार केला आहे. कुणी फसवलं म्हणावं तर कसं फसवलं ते सापडत नाही. मला भास झाला म्हणावं तर गाठ आजही माझ्याकडे एका औषधाच्या डबीत आहे. कांताबाई दर हिवाळ्यात संत्र्यांची पेटी घेऊन येते, आणि अंगठा कुणीतरी धरला होता हे तिचं म्हणणं अजून तेच आहे. माझ्याकडे खुलासा नाही, लेखीही नाही आणि तोंडीही नाही.

त्या सकाळी मी एवढंच विचारलं की गाठ शिकवाल का. त्यांच्या एका हातानं दाखवता येईना, म्हणून त्या तोंडानं सांगत गेल्या आणि मी त्यांच्या बाजेच्या पायाला गॉज बांधत-सोडत गेले. सातव्या वेळी त्या म्हणाल्या, चालते.

आठ वाजता मी वॉर्डात पोचले. आधी भिंतीवरची नोटीस काढली. कांताबाई ऑपरेशननंतर नऊ नंबरवर परत आली होती, झोपेत होती. मी तिचा अंगठा धरला. गरम होता. मग कपाट उघडून वीतभर गॉज कापला, कडा आत दुमडल्या, दोन वेढे दिले आणि टोक खुपसलं. कुसुम मागे उभी राहून बघत होती.

“सिस्टर, उलटी पडली. डावीकडून उजवीकडे गेली.”

“माझी अशीच पडणार,” मी म्हटलं. “नाडी घे.”